पन्हाळ्याचा घाट आणि छातीतली धडधड : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

उद्दिष्ट आधी लिहून ठेवते. कोल्हापुरातून निघायचं, केर्ली, वाघबीळ करत सायकलने पन्हाळ्यावर जायचं आणि परत यायचं. एका बाजूने अंतर वीसेक किलोमीटर. खरा चढ शेवटच्या घाटाचा. वेळेची अट नाही, कुणाच्या पुढं जायचं नाही. अट एकच आहे: घाटात थांबायचं ते पाय दमले म्हणून, भीती वाटली म्हणून नाही.

माझं वय ४६. सायकल हौसेची. रंकाळ्याच्या बाजूला, कधी कळंब्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर थोडं लांब. गेल्या हिवाळ्यापासून मात्र चढ लागला की छाती धडधडायला लागते, आणि ती धडधड कानात ऐकू आली की मन एकदम शेवटाला जाऊन पोचतं. वडील ५४व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सकाळी, घरात, दाढी करताना. त्यामुळे छातीत काही होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ‘पित्त असेल’ म्हणून सोडून द्यायला कुणी तयार नसतं, मीही नाही.

म्हणून क्रम असा ठरवलाय: आधी शरीराला विचारायचं, मग मनाशी बोलायचं. पाऊस यंदा मे महिन्यातच सुरू झालाय, त्यामुळे घाट लगेच गाठता येणार नाही. तेवढ्यात तपासण्या उरकून घेते.

७ जून

रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.४. बायकांसाठी ते १२च्या वर असायला हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. थायरॉइड ठीक. डॉक्टर मॅडमनी पाळीबद्दल बारकाईने विचारलं. गेलं वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की खूप जास्त. त्या म्हणाल्या, “रक्त कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. शिवाय पाळी जायच्या सुमाराला संप्रेरकांच्या चढउताराने बऱ्याच जणींना धडधड होते. तुम्हाला दोन्ही आहे.”

हे वाचणाऱ्या चाळिशीपुढच्या बायकांना कळकळीने सांगते, चढावर दम लागतोय म्हणून स्वतःला ‘फिटनेस गेला’ असं म्हणण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन बघून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की ते कुणाला आजार वाटतच नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि चहाच्या आसपास घ्यायच्या नाहीत, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. रक्त भरलं तरी गोळ्या लगेच बंद करायच्या नाहीत, साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

१२ जून

आज टीएमटी झाली. ट्रेडमिलवर चालवत ईसीजी काढतात ती. वडिलांच्या इतिहासामुळे हृदयरोगतज्ज्ञांनी २डी एकोही, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला.

जरा सविस्तर लिहिते, कारण मला या चाचणीचीच धास्ती होती. छातीवर ठिकठिकाणी गार जेल लावून वायर चिकटवल्या, दंडाला बीपीचा पट्टा. ट्रेडमिलचा पट्टा ताशी पावणेतीन किलोमीटरने सुरू झाला. हे चालणं म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालण्याइतकं सावकाश, पण चढ पहिल्यापासून १० टक्क्यांचा. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो. टेक्निशियन सारखं सांगत होता, “दांडी घट्ट धरू नका मॅडम, नुसता हात ठेवा.” माझी बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती. समोरच्या पडद्यावर ठोक्यांचा आकडा १५० झाला, १६० झाला, आणि मला वाटलं की आता कुणीतरी मशीन बंद करा म्हणून ओरडेल. कुणी ओरडलं नाही. डॉक्टर कागदावरची रेघ शांतपणे बघत होते. शेवटी १७६ झाले, पाय भरून आले म्हणून मीच थांबवा म्हटलं.

रेघ स्वच्छ. एकोही व्यवस्थित.

मी २२० वजा वयाचा हिशेब करून गेले होते. त्याने माझी मर्यादा १७४ येते आणि मी ती ओलांडली होती. डॉक्टर म्हणाले की ते सूत्र सरासरीचं आहे, माणसामाणसांत दहा-बारा ठोके इकडचे तिकडे सहज असतात, कधी त्याहून जास्तही. १७४ ही काही भिंत नाही. मेहनत केल्यावर ठोके वाढणं हे हृदयाचं कामच आहे.

दोन गोष्टी त्यांनी लिहून दिल्या. पहिली: छातीवर दाब आल्यासारखं दुखणं, कळ जबड्यात किंवा हातात जाणं, डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर जागच्या जागी थांबून थेट दवाखाना गाठायचा, तेव्हा ‘माझी भीतीच असेल’ असं मनाला समजावत बसायचं नाही. दुसरी: असं काही झालं नाही तर हाच प्रश्न दर आठवड्याला परत विचारायचा नाही. पुढची तपासणी वर्षाने.

दुसरी गोष्ट पाळणं पहिलीपेक्षा अवघड जाणार आहे.

१५ जून, रविवार

रंकाळ्याच्या बाजूने फेऱ्या मारल्या, झिम्माड पावसात. घड्याळ मनगटावर होतं. सरळ, सपाट रस्त्यावर त्याने एकदम १८० दाखवले आणि मी तिथंच ब्रेक लावला. गळ्याची नाडी हाताने मोजली तर जेमतेम १२०.

नंतर समजून घेतलं ते असं: घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या हालचालीवरून ठोके ओळखतं. पट्टा सैल असेल, मनगट गार पडलं असेल किंवा हँडलला खड्ड्यांचे हादरे बसत असतील तर ते फसतं. छातीवर बांधायचा पट्टा जास्त भरवशाचा. पण मला भरवशाचा आकडाही आत्ता नकोय. दर मिनिटाला मनगट वळवून बघणं हाच माझ्या भीतीचा खुराक आहे. आकडा चांगला दिसला तर सुटका मिळते ती पुढच्या वळणापर्यंतची, वाईट दिसला तर मी जागीच थांबते.

यापुढं सायकलवर असताना घड्याळ पिशवीत.

२९ जून, रविवार

घड्याळाच्या जागी काय, याचा शोध संपला. पाढे.

नियम साधा आहे. चढावर एका दमात पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. व्यायामशास्त्रात ही पद्धत जुनी आणि भरवशाची मानतात. गाणं म्हणावं तर मी सूर धरण्यातच अडकते, म्हणून लहानपणी घोकलेले पाढे काढले. ‘एकोणतीस साते दोनशे तीन’ एवढं सलग म्हणता आलं की मी ठीक आहे. एकोणतीसचा पाढा मुद्दाम घेतला, कारण तो आठवायला लक्ष द्यावं लागतं आणि तेवढा वेळ छातीकडे लक्ष जात नाही.

सायकलच्या दुकानात जाऊन गिअरही बघून घेतले. माझी हायब्रिड आहे, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगराच्या सायकलींच्या मधली, पुढं तीन चकत्या, सगळ्यात लहान २८ दातांची, मागं सगळ्यात मोठी ३२ची. म्हणजे पॅडलची पूर्ण फेरी मारली तरी मागचं चाक एक फेरीही पूर्ण फिरत नाही. याहून हलका गिअर मला लागणार नाही. कारागीर म्हणाला, “ताई, ही बारकी चकती तुम्ही कधी वापरलीच नाही वाटतं, नवीकोरी हाय.” खरंच होतं. लहान चकतीवर जाणं म्हणजे हार, असं सायकलवाल्यांच्या बोलण्यातून कुठंतरी डोक्यात बसलेलं असतं. ते काढून टाकायला हवं. हलका गिअर श्वास राखतो, आणि श्वास राखला की भीतीला आत यायला वाट कमी मिळते.

१३ जुलै, रविवार

घाटात गेले. अर्ध्यातून परत आले.

पन्हाळ्याला उधाण आलं होतं. परवा, ११ तारखेला युनेस्कोने महाराजांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. रत्नागिरी रस्ता सोडून घाटाला लागलो तर गाड्यांची रांग, भगवे झेंडे, पोरं टपावर. मला आनंदच होता. पाऊस भुरभुर, धुकं खाली उतरलेलं. मैत्रीण पुढं गेली.

एका वळणावर मागून जीप अगदी जवळून हॉर्न देत गेली. मी दचकले, आणि त्यानंतरची धडधड खाली बसेना. पाढा तुटला. श्वास वरच्या वर, भराभर. मग ओठ बधिर झाले. बोटांना मुंग्या आल्या, डाव्या हाताला जास्त आहेत की काय असं वाटलं, आणि डावा हात म्हटल्यावर पुढचं सगळं मनाने स्वतःच जोडून टाकलं. सायकल कठड्याला टेकवली आणि खाली बसले.

शेजारी एक मावशी कणसं भाजत होत्या, प्लास्टिकच्या कागदाखाली. “काय झालं वो ताई? बसा निवांत.” एवढंच बोलल्या आणि पुन्हा पुठ्ठ्याने निखाऱ्याला वारा घालायला लागल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. कणीस फिरवायचं, पुठ्ठा हलवायचा, ठिणग्या उडाल्या की थांबायचं. मग अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून कणसावर दाबून फिरवायचं, दाण्यांच्या ओळीवरून रस ओघळेपर्यंत. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांत माझी बोटं जागेवर आली. दुखलं कुठंच नाही, दाब नाही, अंधारी नाही. डॉक्टरांच्या यादीतलं काहीही झालं नव्हतं.

वर जायची ताकद होती, मन नव्हतं. मैत्रिणीला फोन केला, ती खाली आली. वहीत लिहिलं: थांबले. कारण, भीती.

१७ जुलै

समुपदेशक ताईंकडे गेले. एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्या बसतात. घाटातलं सगळं सांगितलं. त्यांनी मुंग्यांचा उलगडा केला तो मला फार कामाचा वाटला. घाबरून भराभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, गरगरतं, ओठ-बोटं बधिर होतात. म्हणजे हवा कमी पडल्याची भावना प्रत्यक्षात जास्त श्वास घेतल्याने येते. उपाय खोल श्वास ओढण्याचा नाही. श्वास सावकाश सोडण्याचा आहे. आत चार आकड्यांत, बाहेर सहा-सात आकड्यांत.

आणि हा झटका चढतो, काही मिनिटांत कळसाला जातो आणि ओसरतो. आपण पळ काढला नाही तरी ओसरतो. पण पळ काढला की मन शिकतं, ‘पळाले म्हणून वाचले’.

मग गृहपाठ दिला. सायकलपासून लांब, घरात, जाणूनबुजून तीच लक्षणं आणायची. जिना भराभर चढून धडधड करून घ्यायची. नाक धरून नळीतून मिनिटभर श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. त्याआधी वहीत लिहायचं की मला काय होईल असं वाटतंय, आणि नंतर लिहायचं की झालं काय. हृदयाच्या तपासण्या झालेल्या आहेत म्हणूनच हे सांगतेय, असं त्यांनी दोनदा बजावलं. तेच मीही इथं बजावते.

ज्यांना असं कुणाकडे जाणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. गावाकडच्या माणसाला हा नंबर माहीत असायला हवा, निदान दवाखान्याच्या किंवा शाळेच्या फळ्यावर लिहिलेला असायला हवा असं मला फार वाटतं.

३ ऑगस्ट, रविवार

पाऊस. राजाराम बंधारा पाण्याखाली. सायकल हलली नाही.

जिन्याचा गृहपाठ चालू आहे. वहीतला एक दिवस जसाच्या तसा: ‘काय वाटतंय: तिसऱ्या मजल्यावर पडेन. किती घाबरलेय: दहापैकी आठ. काय झालं: पडले नाही. धडधड झाली, दम लागला, शेजारच्या आजी दार उघडून म्हणाल्या, कुणाला शोधतेस गं? नंतर भीती: तीन.’

नळीचा प्रयोग सगळ्यात नकोसा. पण त्याचाच उपयोग जास्त होतोय असं दिसतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

हिमोग्लोबिन १२.१. उघडीप मिळाली म्हणून केर्लीपर्यंत जाऊन आले. पायांत फरक स्पष्ट आहे. हाच रस्ता मे महिन्यात जड जात होता.

भीती मात्र रक्ताबरोबर त्याच प्रमाणात उतरली नाही. हे नोंदवून ठेवावंसं वाटतं, कारण मला मनातून आशा होती की गोळ्यांनी दोन्ही कामं होतील.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जनाची मिरवणूक काल सकाळपासून, आज दुपार झाली तरी ढोल चालू. झोप जेमतेम दोन तास. काही कारण नसताना सकाळपासून धडधड आणि भीती दहापैकी सहाच्या आसपास. सायकल काढली नाही. जागरण, जास्तीचा चहा आणि पाळीच्या आधीचे दिवस, हे तिन्ही एकत्र आले की मला असं होतं. वहीमुळे हे आता दिसायला लागलंय.

२१ सप्टेंबर, रविवार

पन्हाळा झाला.

पहाटे साडेपाचला निघाले, मैत्रीण सोबत. शिवाजी पुलावरून पंचगंगा गढूळ, काठोकाठ. वाघबीळला थांबून केळं खाल्लं, दोन घोट पाणी. वही खिशातून काढून लिहिलं: ‘काय वाटतंय: त्याच वळणावर परत होईल. भीती सात.’

लहान चकती टाकली आणि पाढे सुरू केले. मैत्रिणीला सांगितलं होतं, तू पुढं जा, माझ्यासाठी रेंगाळू नकोस, कारण कुणी सारखं मागं वळून बघायला लागलं की मीही स्वतःकडे तशीच बघायला लागते.

त्या वळणावर झालंच. कणसवाल्या मावशी नव्हत्या, कठडा होता. छातीत धडधड, मान गरम, बोटांत बारीक मुंगी. मी मोठ्याने म्हटलं, “धडधड आहे. असू दे.” पॅडल चालू ठेवलं, आणखी हळू, इतकं हळू की सायकल डगमगत होती. श्वास सोडताना सातपर्यंत मोजलं. एकोणतीसचा पाढा येईना, म्हणून बाराच्या पाढ्यावर आले. बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव. नव्वद टक्के लक्ष छातीकडेच होतं, ते मी ओढून काढायचा प्रयत्न केला नाही. धडधड माझ्याबरोबर वर येत होती, मी तिला येऊ दिलं. दोन वळणं गेली तेव्हा कळलं की मुंग्या थांबल्यात. नक्की कधी थांबल्या ते सांगता येणार नाही.

एकदा थांबले. मांड्या पेटल्या होत्या म्हणून. पाणी प्याले, वहीत लिहिलं, ‘थांबले. कारण, पाय.’ हे दोन शब्द लिहिताना मला रडू आलं.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी मैत्रीण उभी होती. काही बोलली नाही, पाठीवर थाप मारली. झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खाल्लं. वर पोचल्यावरची भीती: चार. शून्य नव्हती. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत आले. ओल्या पानांवरून चाक घसरतं, आणि ती काळजी खरी होती.

५ ऑक्टोबर, रविवार

फिटनेसच्या काळजीबद्दल लिहायचं राहून जात होतं. ती भीतीची धाकटी बहीण आहे. ‘मरेन’ हा आवाज खाली बसला की ‘मागं पडलीस’ हा वर येतो.

शेजारची कॉलेजातली पोर परवा माझ्यापुढून घाट चढून गेली. “काकू, येते हं!” म्हणाली आणि दिसेनाशी झाली. घरी येऊन मी सायकलवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये त्या चढाच्या वेळांची यादी उघडली. तळाला मी. घड्याळही माझी ऑक्सिजन वापरण्याची क्षमता ‘सरासरीपेक्षा कमी’ दाखवतं. हा आकडा घड्याळ मोजत नाही, ठोके आणि वेगावरून अंदाज बांधतं. खरी मोजणी प्रयोगशाळेत, तोंडावर मास्क लावून होते. यादीतून मी नाव काढून घेतलं. लोकांनी शर्यत लावावी, त्यात वाईट काही नाही, पण नुकतंच रक्त भरलेल्या ४६ वर्षांच्या बाईने विशीतल्या पोरीशी स्वतःला जोखायचं हे मला मान्य नाही. माझ्या प्रगतीची मोजपट्टी वहीत आहे: केर्लीच्या चढावर जूनमध्ये एका दमात पाढ्याची एक ओळ म्हणता यायची. आता दोन येतात.

९ नोव्हेंबर, रविवार

उसाचा हंगाम सुरू झालाय. गगनबावड्याच्या रस्त्याला बालिंग्याच्या पुढं गेले, कळ्यापर्यंत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एकाने ओलांडताना मागची ट्रॉली झोल खात माझ्याकडे आली, मी साइडपट्टीवर उतरले. छाती जोरात धडधडली आणि मिनिटभरात शांत झाली.

पाच महिन्यांपूर्वी ही धडधड आणि नुसत्या मनातल्या भीतीची धडधड, या दोन्हींत मला फरक करता येत नव्हता. ट्रॉली बघून वाटलेली भीती कामाची आहे, तिचं ऐकायचं: मागे लाल दिवा दिवसाही चालू, हिरवट-पिवळं जाकीट, अंधार पडायच्या आत घरी. हंगाम संपेपर्यंत या रस्त्याला संध्याकाळी जाणार नाही. कारखान्यांनी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर खरंतर लावूनच घ्यायला हवेत, दर हंगामात माणसं जातात.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईचा विषय. मी सायकलवर असले की ती अर्ध्या-अर्ध्या तासाने फोन करते. वडिलांनंतर तिची तीच रीत आहे, मुलांबाबतही, नातवंडांबाबतही. मी घड्याळ बघायचे तशी ती फोन बघते. काल तिला शेजारी बसवून टीएमटीचा रिपोर्ट पुन्हा दाखवला, वहीतली पानं वाचून दाखवली. मग ठरवलं: मी वर पोचल्यावर एक फोन करणार, घरी यायला निघताना एक. मधे तिने करायचा नाही. तिला जमेल का माहीत नाही, म्हणाली बघते.

आज पन्हाळ्याला गेले. वर पोचून फोन लावला तर पहिल्या रिंगला उचलला. मधे एकही आला नव्हता.

“किती वेळ हातात धरून बसलीयस?”

“निघालीस तेव्हापासून. पण केला नाही ना.” मग जरा थांबून म्हणाली, “पुढच्या खेपेला मलाही यायचंय तिकडं. दही खाऊन किती वर्षं झाली.”

सात डिसेंबर ठरलंय. भाऊ आईला आणि वहिनीला गाडीतून आणणार. मी सायकलवर, तासभर आधी निघेन. त्याआधी करायची कामं: मागचे ब्रेकपॅड बदलणं, चेनला तेल, फेरिटिनची तपासणी.